‘अपील मंजूर’ की ‘अपिलास परवानगी’?

प्रश्न : भाषांतरकार, लातूर

एका दिवाळी अंकासाठी मी ब्रिटनमधील आश्रयप्रक्रियेवरील लेखाचा अनुवाद करीत आहे. लेखातील स्त्रीची आश्रयाची मागणी तेथील गृह विभागाने फेटाळली, त्यावरचे तिचे अपीलही न्यायाधिकरणाने फेटाळले, आणि त्यानंतर तिने मागितलेली ‘परमिशन टू अपील’ मात्र तिला मिळाली. मी हे शेवटचे वाक्य ‘तिचे अपील मंजूर झाले’ असे लिहिले होते. संपादकांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून समासात विचारले आहे, ‘मग पुढच्या परिच्छेदातली सुनावणी कशाची?’ प्रश्न रास्त आहे. यंत्राकडून करून पाहिलेल्या अनुवादात तर ‘लीव्ह टू अपील’चे ‘अपील करण्यासाठी रजा’ झाले. नेमका शब्द कोणता?

उत्तर : वकील, छत्रपती संभाजीनगर

संपादकांची पेन्सिल योग्य जागी टेकली आहे. ‘अपील मंजूर’ म्हणजे अपील ऐकून झाले आणि अपीलकर्त्याच्या बाजूने निकाल लागला. ‘अपिलास परवानगी’ म्हणजे अपील ऐकले जाईल, एवढेच. ही गल्लत आमच्या खंडपीठाच्या आवारातही रोजची आहे. ‘अपील अ‍ॅडमिट झाले’ एवढे ऐकून गेवराईकडचे एक पक्षकार पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. ‘दाखल करून घेतले आहे, निकाल अजून लागायचा आहे,’ हे त्यांना समजावून सांगेपर्यंत निम्मा पुडा वाटून झाला होता.

आता ‘रजा’. यंत्राचे हसू येते खरे, परंतु ते तितके अडाणी नाही. ‘रजा’ हा अरबीतून आलेला शब्द असून संमती, परवानगी हाच त्याचा जुना अर्थ होय. ‘रजामंदी’मध्ये तो अजून शाबूत आहे. दरबारातून निघताना मागायची ती जाण्याची रजा, आणि पुढे कचेरीतून मागायची ती सुटीची रजा. इंग्रजी ‘लीव्ह’नेही हाच प्रवास केला. फरक इतकाच, की इंग्रजी न्यायालयांनी जुना अर्थ कामकाजात टिकवला आणि आपण तो सोडला, त्यामुळे आज ‘अपिलाची रजा’ लिहिल्यास वाचकाला न्यायाधीश सुटीवर गेल्यासारखे वाटेल. संविधानाच्या अनुच्छेद १३६ मधील ‘स्पेशल लीव्ह’साठी हिंदी पाठात ‘विशेष इजाजत’ आहे. निजामाच्या अमदानीतील कागद वाचलेल्या मराठवाड्याच्या माणसाला ‘इजाजत’ परकी वाटणार नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचकाचाही विचार करता ‘परवानगी’ बरी. ‘अनुज्ञा’ आणि ‘अनुमती’ चुकीचे नाहीत. मला ते पूजेच्या संकल्पातून उचलल्यासारखे वाटतात.

लेखात प्रक्रियेचे टप्पे असतील, तर तेथेही शब्द जपून वापरावेत. गृह विभागाच्या नकारावरचे पहिले अपील प्रथम स्तर न्यायाधिकरणात जाते. ते फेटाळले गेल्यावर वरिष्ठ न्यायाधिकरणात आपोआप जाता येत नाही. २००७ च्या न्यायाधिकरण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि ती आधी ज्याने अपील फेटाळले त्याच प्रथम स्तर न्यायाधिकरणाकडे मागावी लागते. अर्जदार ब्रिटनमध्येच असेल तर त्यासाठी मुदत १४ दिवसांची असते. ‘निकाल अन्यायकारक आहे’ एवढे म्हणून भागत नाही. निर्णयात कायद्याची चूक झाली आहे, म्हणजे उदाहरणार्थ महत्त्वाचा पुरावा विचारातच घेतला नाही किंवा अर्जदारावर विश्वास का ठेवला नाही याची पुरेशी कारणे दिली नाहीत, असे दाखवावे लागते. तेही या पायरीवर सिद्ध करायचे नसते, मुद्दा ‘आर्ग्युएबल’ असला की पुरे. कृपया याचे ‘वादग्रस्त’ करू नका. वादग्रस्त जमीन असते. ‘युक्तिवादास जागा असलेला मुद्दा’ हे लांब आहे, पण खरे आहे.

आपल्याकडील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खालचे दुसरे अपील कायद्याच्या सारभूत प्रश्नाशिवाय उच्च न्यायालय ऐकत नाही. मराठी वाचकाला त्या तुलनेने ही पायरी लवकर कळेल.

एक सूचना आणखी. ‘क्लेम’साठी ‘दावा’ लिहू नका. आपल्याकडे दावा म्हटला की बांध, वाटणी आणि दिवाणी न्यायालय डोळ्यांपुढे येते. आपण प्रश्नात ‘आश्रयाची मागणी’ लिहिले आहे, तेच ठेवा. नुसत्या ‘संरक्षणा’ने पोलिसांचा बंदोबस्त वाटतो.

पुरवणी : निवृत्त शिक्षक, परभणी

वकीलसाहेबांशी सहमत आहे. ‘आश्रया’विषयी थोडे. रझाकारांच्या काळात, १९४८ मध्ये, आमचे कुटुंब मोगलाईची हद्द ओलांडून बार्शीस गेले. माझी आई त्याबद्दल बोलताना ‘आसऱ्याला राहिलो’ म्हणे. ‘निर्वासित’ हा शब्द तिच्या तोंडी कधीच आला नाही. आसरा नातलग किंवा ओळखीची माणसे देतात, त्याला अर्ज लागत नाही. आश्रय सरकार देते. म्हणून सरकारी प्रक्रियेच्या लेखात ‘आश्रय’च हवा. आश्रय मागणारी व्यक्ती ‘आश्रयार्थी’ म्हणावी; ‘निर्वासित’ हा दर्जा मागणी मान्य झाल्यावरचा आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नसल्यामुळे आपल्या वर्तमानपत्रांना हा भेद पाळण्याची सवय लागली नसावी.

प्रश्नकर्ती, लातूर

दोघांचीही आभारी आहे. वाक्य असे केले आहे : ‘प्रथम स्तर न्यायाधिकरणाने परवानगी नाकारल्यावर तिने त्या नकाराविरुद्ध वरिष्ठ न्यायाधिकरणात अपील केले आणि तिला अपिलाची परवानगी मिळाली.’

वकील, छत्रपती संभाजीनगर

उत्तरार्ध उत्तम. पूर्वार्धातले ‘अपील केले’ काढावे. खालच्या न्यायाधिकरणाने परवानगी नाकारली, तर तीच मागणी वरिष्ठ न्यायाधिकरणापुढे नव्याने ठेवता येते. ते नकाराविरुद्धचे अपील नव्हे. ‘तिने परवानगीसाठी वरिष्ठ न्यायाधिकरणाकडे पुन्हा अर्ज केला’ असे लिहावे. आणि पुढे त्या अपिलात ती जिंकली असेल, तर ‘आश्रय मिळाला’ असे लिहिण्यापूर्वी मूळ लेख पुन्हा पाहावा, कारण वरिष्ठ न्यायाधिकरण आधीचा निर्णय रद्द करून प्रकरण खाली फेरसुनावणीसाठीही पाठवू शकते.