म्हातारी कुत्री, लघवीत रक्त: सोनोग्राफीत भिंत जाड

प्रश्न (रत्नागिरी): १२ वर्षांची गावठी कुत्री. अँटिबायोटिकने तेवढ्यापुरता फरक पडतो. सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत ४ मिमी. कॅन्सर धरायचा का?

उत्तर: मूत्राशय भरलेलं होतं का, ते आधी सांगा. रिकाम्यात भिंत जाडच दिसते. निरोगी भिंत मध्यम भरलेल्यात साधारण दीड मिमी, जवळपास रिकाम्यात सव्वादोन. तपासणीआधी ३-४ तास लघवीला सोडू नका. पाणी मात्र तोडू नका, त्यात आपल्याकडचा हा उकाडा! पोटावरचे केस काढून भरपूर जेल लावायला सांगा.

उत्तर: जाडी कुठे आहे? पुढच्या-खालच्या बाजूला असेल तर बहुधा जुना सिस्टायटिस (मूत्राशयाची सूज). मूत्राशयाच्या मानेजवळ, ट्रायगोनपाशी (मूत्रवाहिन्या उघडतात तो तिकोनी भाग) ओबडधोबड गाठ असेल तर कॅन्सरचा संशय घ्या. कुशीवर पाहून झालं की उभं करून पुन्हा प्रोब (सोनोग्राफीचा दांडा) लावा. खडा खाली घरंगळतो, त्यामागे काळी सावली पडते. रक्ताची गुठळीही सरकते, पण सावली नाही आणि डॉप्लरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) रक्तप्रवाह नाही. भिंतीला चिकटलेली गुठळी भल्याभल्यांना फसवते.

उत्तर: गाठीचा संशय असेल तर पोटातून सुई घालून लघवी काढू देऊ नका, सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजू शकतात. कॅथेटरने (लघवीच्या वाटेने घातलेल्या नळीने) घ्या. मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयात येणारी नळी) दबून किडनी फुगलीय का, तेही त्याच वेळी बघून घ्या.