एन्व्हलोप म्हणजे नुसता आवाजाचा आकार? साफ नामंजूर

पॅचकेबल
परवा ग्रिडवाला यांनी लिहिलं की मॉड्युलरवर (सुटे मॉड्युल केबलने जोडून केलेल्या सिंथेसायझरवर) गुंतागुंतीचा ठेका हवा असेल तर आधी आठ चॅनेलचा ट्रिगर सिक्वेन्सर, म्हणजे ठरलेल्या क्रमाने ठोक्यांचे इशारे पाठवणारा मॉड्युल, घ्या, एन्व्हलोप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारं व्होल्टेज) फक्त ठोका लांब की आखूड एवढंच ठरवतो. वाचून राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझ्याकडे आत्ता काय लावलंय ते सांगतो. क्लॉक, म्हणजे ठरावीक अंतराने विजेचे पल्स देणारा मॉड्युल, १२० बीपीएमवर (मिनिटाला १२० मात्रा), सोळाव्या भागाचे पल्स (मात्रेला चार), म्हणजे दर १२५ मिलिसेकंदाला एक. तो पल्स स्लोप जनरेटरच्या (व्होल्टेज चढवून उतरवणाऱ्या मॉड्युलच्या, एन्व्हलोप म्हणून हाच वापरतात) ट्रिगरला, म्हणजे सुरू करणाऱ्या इनपुटला. राइज (चढायचा वेळ) ३०० मिलिसेकंद, फॉल (उतरायचा वेळ) जवळजवळ शून्य. चढ चालू असताना हा मॉड्युल नवा ट्रिगर घेतच नाही, मधले दोन पल्स तसेच निघून जातात आणि चौथ्याला तो परत सुरू होतो. झालं भागिले तीन, तीन पल्सला एक ठोका. राइज २०० वर आणा, भागिले दोन. आता दुसरा स्लोप घ्या, त्याच क्लॉकवर, राइज ९५०, म्हणजे तो आठ पल्सला एकदा सुरू होणार. त्याचा रॅम्प (चढतं व्होल्टेज) उलटा करून पहिल्याच्या राइजला द्या. रॅम्प चढेल तसा पहिला आखडत जातो, आणि नॉब नीट बसला की तीन-तीन-दोन, तीन-तीन-दोन. राइज संपल्यावर जो पल्स निघतो तो ड्रमला. कुठेही सिक्वेन्सर नाही.

आणि खरी मजा पुढे आहे. तोच रॅम्प, उलटा न करता, हॅटच्या (झांजेच्या आवाजाच्या) डिकेलाही, म्हणजे विरायच्या वेळालाही, दिलाय, त्यामुळे आवर्तन संपत आलं की हॅट आपोआप उघडत जाते आणि समेवर बंद होते. एकच व्होल्टेज ठेकाही ठरवतंय आणि नादही. सिंथेसायझर बनवणाऱ्या सर्ज चेरेपनिन यांनी सत्तरच्या दशकात केलेल्या ह्या सर्किटमधून एन्व्हलोप, एलएफओ (सावकाश झुलणारं व्होल्टेज), क्लॉक डिव्हायडर (पल्स भागणारा) असं सगळं होतं, आणि आपण त्याला 'आवाजाचा आकार' म्हणून सोडून देतो ह्याचा मला मनापासून त्रास होतो.

ग्रिडवाला
अहो, ते मी नवख्यांसाठी लिहिलं होतं. तुमचं तीन-तीन-दोन म्हणजे युक्लिडियन, आठात तीन: आठ पल्समध्ये तीन ठोके शक्य तितके सारखे पसरलेले. संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड तुसाँ यांनी २००५ च्या पेपरमध्ये दाखवलंय की दोन संख्यांचा मसावि काढायची जुनी रीत वापरली की जगभरचे कितीतरी पारंपरिक ठेके निघतात. माझ्या सिक्वेन्सरचा एक नॉब फिरवला की आठात पाच. तुम्ही दोन स्लोप, एक इन्व्हर्टर (व्होल्टेज उलटं करणारा मॉड्युल) आणि अर्धा तास खर्चून जिथे पोचलात तिथे मी दोन सेकंदांत पोचतो, आणि माझा ठोका क्लॉकवर पडतो. तुमचा राइज संपल्यावर पडतो, म्हणजे दोन पल्सच्या मधे कुठेतरी.

निळी_केबल
ठेका राहू द्या हो, ती किक (ड्रमचा खालचा, जड ठोका) दर वेळी सारखी वाजते का ते सांगा आधी. मोकळा चालणारा ऑसिलेटर (आवाजाची लाट तयार करणारा मॉड्युल) असेल तर ठोका पडतो तेव्हा लाट कुठे असेल ह्याचा नेम नाही. ५० हर्ट्झला एक लाट २० मिलिसेकंदांची. अटॅक (आवाज चढायचा वेळ) शून्य ठेवलात आणि लाट नेमकी टोकाला सापडली तर टक्क असा आवाज, शून्यापाशी सापडली तर किक मऊ. मी ह्यापायी एक पूर्ण रात्र घालवलीय, सगळ्या केबल बदलल्या, पॉवर सप्लाय तपासला, व्हीसीए (आवाजाची पातळी बदलणारा मॉड्युल) खराब आहे असं समजून दुसरा लावला. पहाटे स्कोपवर (लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) बघितलं तर प्रत्येक ठोका वेगळ्या जागी सुरू. तेव्हापासून ट्रिगर आधी सिंकला (लाट पहिल्यापासून सुरू करणाऱ्या इनपुटला), मग एन्व्हलोपला. ह्याशिवाय किक करूच नये.

जुना_स्पीकर
"करूच नये" कशाला? तो फरक हाच जीव आहे. हाताने वाजवणाऱ्याचे दोन ठोके कधी सारखे असतात का? सगळं सारखंच हवं तर सॅम्पल लावा की. लो पास गेटमधला (आवाज आणि त्याची धार एकत्र कमी-जास्त करणाऱ्या मॉड्युलमधला) व्हॅक्ट्रोल बघा, आतली प्रकाशाने चालणारी रोधक पट्टी सावकाश शांत होते, म्हणून घाईने चार ठोके दिले की चौथा जास्त उजळ लागतो. मी त्याच्यासाठीच तो वापरतो.

निळी_केबल
व्हॅक्ट्रोलला आठवण असते, मागचा ठोका पुढच्यावर परिणाम करतो, त्यात कारण आहे. मोकळ्या फेजमध्ये (लाट कुठेही असण्यात) कारणच नाही, तो निव्वळ योगायोग. दोन्ही एका मापाने मोजू नका. तुम्ही किक आणि बास एकत्र रेकॉर्ड करून बघितलंय कधी? तळ एका ठोक्याला भरतो, दुसऱ्याला नाहीसा होतो.

जुना_स्पीकर
रेकॉर्ड केलंय का हे मला विचारू नका. वयाचा आणि अनुभवाचा मान ठेवून बोला.

फिल्टर_पिंग
दोघेही थांबा. ऑसिलेटरच काढा. फिल्टरचा रेझोनन्स (एका सुरावर घुमायचं प्रमाण) वाढवून तो आपोआप वाजायच्या जरा अलीकडे ठेवा आणि त्याला नुसता ट्रिगर मारा. तो शांत बसलेला असतो, त्यामुळे सुरुवात दर वेळी तिथूनच. १९८० च्या रोलँड ८०८ ह्या ड्रम मशीनची किक ह्याच जातीची आहे, पल्स मारला की घुमणारं सर्किट. आणि जुना_स्पीकर, तुमचंही त्यात आहे: आधीचा ठोका घुमत असताना दुसरा मारला की तो थोडा वेगळा लागतो.

जुना_स्पीकर
हे आवडलं. निळी_केबल यांचं 'कारण हवं' पटलं असं मी म्हणणार नाही, पण फिल्टर असा पिंग करून बघतो.

ग्रिडवाला
किकमध्ये मूळ मुद्दा बुडाला. पॅचकेबल, मी काल तुमचा पॅच (केबलची जोडणी) जसाच्या तसा लावला, रेकॉर्ड केला आणि मोजला. ठोक्यांमधली अंतरं साधारण ३७५, २७५, ३५०. खऱ्या तीन-तीन-दोनला ३७५, ३७५, २५० हवीत. मग टेम्पो ९० वर आणला. पल्स १६७ वर गेला, ३०० असो की २०० असो, दोन्ही भागिले दोनच झाले, सगळा ठेका दोन-दोन-दोन. टेम्पो बदलला की मोडणाऱ्या गोष्टीवर मी नवख्याला कसा उभा करू?

पॅचकेबल
मोजलंत, त्याबद्दल आभार, इतकं कुणी करत नाही. टेम्पोचं मान्य, त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही, हाताने राइज परत लावावा लागतो. पण ३७५, २७५, ३५० ही चूक आहे हे मान्य नाही. दुसरा ठोका जागेवर, तिसरा लवकर येतो, मग पुढचा जरा रेंगाळतो. डोळे मिटून चार आवर्तनं ऐका आणि मग तुमचं युक्लिडियन लावा. मला ते लगेच सपाट वाटतं.

ग्रिडवाला
ऐकलं. तो लवकर येणारा ठोका चांगला लागतो, हे कबूल करायला जीवावर आलंय. माझ्या लेखातला 'आधी' हा शब्द काढतो आणि 'एवढंच ठरवतो' हेही काढतो. सिक्वेन्सर घ्या हे राहील.

निळी_केबल
आणि पॅचकेबल, किक सिंक केलीत का नाही ते अजून सांगितलं नाहीत.

पॅचकेबल
नाही केली. आज करतो.