‘विडंबन’ कुठे संपते आणि ‘विटंबना’ कुठे सुरू होते?

प्रश्न : नाशिकला गंगापूर रोडवर भरणाऱ्या आमच्या वाचनगटात मागच्या रविवारी काफ्काची १९१५ साली प्रसिद्ध झालेली ‘मेटामॉर्फोसिस’ ही दीर्घकथा वाचली गेली. ग्रेगॉर साम्सा हा फिरता विक्रेता सकाळी जागा होतो तो किडा होऊनच, आणि तशाही अवस्थेत त्याला घोर लागतो तो पाचची गाडी चुकल्याचा. इथे सगळे मोकळेपणाने हसले. शेवटी मात्र कोणी हसेना. टिपण लिहिताना ‘विनोदी’ आणि ‘शोकात्म’ असे दोन्ही शब्द लिहून मी खोडले. या उतरणीला नेमका शब्द कोणता?

उत्तर : माझ्या मते ‘विटंबना’. ‘विडंबन’ आणि ‘विटंबना’ या सख्ख्या बहिणी आहेत. नक्कल करणे, थट्टा करणे या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूपासून दोघी आल्या, पण मराठीत त्यांची घरे वेगळी झाली. विडंबन केशवकुमारांच्या (आचार्य अत्र्यांच्या) ‘झेंडूची फुले’ या विडंबन-कवितांच्या संग्रहात रमले, तर विटंबना आज पुतळ्याच्या किंवा मृतदेहाच्या बातमीतच भेटते. विडंबन कोणीतरी ‘करतो’ आणि त्याला त्यासाठी कसब लागते. विटंबना मात्र बहुधा ‘होते’, आणि तिला सोसणारा लागतो. हेड क्लार्क त्याच सकाळी घरी येऊन बंद दाराबाहेरून किड्याकडे खुलासा मागतो, तोवर कथा नोकरीचे विडंबन आहे. पुढे वडील सफरचंदे फेकून मारतात, त्यांतले एक पाठीत रुतते आणि तिथेच कुजत राहते. तरीही माझ्या लेखी खरा सांधा त्यानंतरचा आहे : जिने इतके दिवस भावाला खाऊ घातले ती बहीणच म्हणते की आता ‘ते’ घालवलेच पाहिजे. ‘तो’चा ‘ते’ झाला.

दुसरे मत : ‘विटंबना’ मला फार जड वाटतो, त्यात कोणीतरी मुद्दाम अपमान करतो आहे असा वास येतो, आणि साम्साच्या घरचे लोक दुष्ट नाहीत, थकलेले आहेत. मी पेठ तालुक्यातला. आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, रात्रभर सोंगे नाचतात आणि उजाडल्यावर मुखवटा उतरवून माणूस आपल्या कामाला लागतो. ग्रेगॉरचे सोंग उतरत नाही, म्हणून मी ‘न उतरलेले सोंग’ असे म्हणेन. शिवाय सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते, कारण आईवडिलांचे कर्ज त्याच्याच पगारातून फिटत होते.

प्रश्नकर्ता : दोघांचे आभार. टिपणात ‘विटंबना’ ठेवला, पण ती मुद्दाम कोणी केलेली नाही, अशी ओळ जोडली. अडचण उरली ती ‘ते’ची. गटातल्या एका काकूंनी बहिणीचे वाक्य मोठ्याने वाचले तेव्हा दोघा-तिघांना वाटले, ती वडिलांविषयीच बोलते आहे. कारण ‘ते’ आपण झुरळालाही म्हणतो आणि मान देऊन वडिलांनाही. काकूंनी ‘हे धूड’ असे करून वाक्य पुन्हा वाचले.