प्रतिसाद: एक्स्टेन्शन काढलं तरी जाहिराती परत का येतात

चाटी गल्लीतल्या दुकानात तीन संगणक, तिन्हींवर एकच गूगल खातं, आणि काउंटरवरच्या क्रोममधलं जाहिराती दाखवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) काढलं तरी सकाळी पुन्हा हजर, असं तुम्ही लिहिलंय. एरवी काढल्याची नोंदही सिंक होते, म्हणजे खात्यामार्फत बाकीच्या संगणकांवर पोचते. तरी परत येतंय म्हणजे बहुधा एखाद्या संगणकावर ते पुन्हा बसवणारा प्रोग्राम आहे, त्यामुळे सिंक चालू ठेवून एकेक मशीन साफ करून उपयोग नाही.

आधी बुकमार्क आणि पासवर्ड एक्स्पोर्ट करून ठेवा (पासवर्डची फाइल कुणालाही वाचता येते, काम झालं की पुसा). मग तिन्हीकडे सिंक बंद करा आणि खात्याच्या क्रोम सिंक पानावरून सर्व्हरवरचा डेटा हटवा. आता प्रत्येक संगणकावर कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्राम तारखेनुसार लावून अनोळखी ते काढा, मग एक्स्टेन्शन. नुसतं क्रोम रीसेट केल्याने एक्स्टेन्शन बंद पडतं, जात नाही. 'काढा' बटणच दिसत नसेल आणि मेनूत 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' असं येत असेल, तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) क्रोमच्या पॉलिसीखाली 'एक्स्टेन्शन-इन्स्टॉल-फोर्सलिस्ट' (ExtensionInstallForcelist, सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शनची यादी) बघा. खरी गोम बहुतेकदा तिथेच.

कोपऱ्यात उगवणाऱ्या जाहिराती वेगळ्या. साइट सेटिंग्जमधली नोटिफिकेशनची परवानगी काढा. सिंक पुन्हा चालू करताना एक्स्टेन्शनचा पर्याय बंदच ठेवा.