वॉशिंग्टन राज्याचा सॅमन निधी: खासगी रस्त्यावरच्या मोरीसाठी अर्ज कुठे करायचा?

पाणवाट:
स्नोहोमिश काउंटीतल्या एका ओढ्यावरची मोरी आमच्या छोट्या ना-नफा संस्थेला बदलायची आहे. रस्ता खासगी, जमीनमालक राजी. सध्या ४ फूट व्यासाचा पन्हाळी पत्र्याचा पाइप आहे आणि खालच्या तोंडाशी पाणी दीड फूट खाली पडतं. ओढ्याची काठोकाठ रुंदी (काठ भरून वाहताना पात्राची रुंदी) १० फूट. वरच्या भागात कोहो सॅमनला अंडी घालण्याजोगी बारीक खडी आहे. ठेकेदार ६ फुटी पाइप टाका म्हणतो, अंदाजपत्रक ४ लाख डॉलरचं. हा निधी देणाऱ्या सॅमन रिकव्हरी फंडिंग बोर्डाकडे थेट अर्ज करता येतो का? स्वहिस्सा किती दाखवायचा?

खोरेकर:
थेट नाही. अर्ज स्थानिक 'लीड एंटिटी'मार्फतच (त्या खोऱ्यातले सॅमन प्रकल्प निवडणारी संस्था) वर जातो. तिथली तांत्रिक आणि नागरिकांची समिती प्रकल्पांना क्रम लावते आणि ती यादी बोर्डाकडे जाते. स्नोहोमिश आणि स्टिलाग्वामिश या दोन खोऱ्यांच्या लीड एंटिटी वेगळ्या आहेत. काउंटी एकच असली तरी तुमचा ओढा कुठल्या नदीला मिळतो ते आधी बघा.

स्वहिस्सा साधारणपणे किमान १५ टक्के, आणि तो एकूण खर्चाच्या. इथेच निम्मे लोक चुकतात. ४ लाखांवर ६०,००० तुमचे, ३,४०,००० अनुदान. अनुदानाच्या १५ टक्के धरलेत तर ५१,००० निघतात आणि ९,००० कमी पडतात. स्वहिश्श्यात सवलत कुठल्या कामाला मिळते ते त्या वर्षीच्या 'मॅन्युअल १८'मध्ये (बोर्डाच्या अनुदानाची नियमपुस्तिका) पाहा, जुन्या प्रतीवर विसंबू नका.

पैसे आगाऊ मिळतील असं धरू नका. आधी खर्च, मग बिलं, मग परतावा. ठेकेदाराचं बिल आणि परतावा यांच्यामधला काळ तुमची संस्था कशाच्या जोरावर काढणार, हे आधी ठरवा. छोट्या संस्था अडतात त्या इथेच.

नळमोरी:
६ फुटी पाइप विसरा. राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाच्या 'स्ट्रीम सिम्युलेशन' (मोरीच्या आत ओढ्यासारखंच पात्र तयार करणं) पद्धतीत मोरीतल्या तळाची रुंदी काठोकाठ रुंदीच्या १.२ पट अधिक २ फूट धरतात. १० × १.२ + २ = १४ फूट. पाइप किंवा पेटी घातलीत तर ती उंचीच्या ३० ते ५० टक्के तळात गाडून आत ओढ्यासारखीच खडी भरायची. एवढ्या रुंदीला तळ नसलेली कमान किंवा छोटा पूल यांचाही हिशोब करून बघा.

अरुंद पाइपात पाणी आवळलं जातं, वेग वाढतो, आतली खडी वाहून जाते आणि खालच्या तोंडाशी डोह खणला जातो. मग तोंड अधांतरी लटकतं. तुमच्या ४ फुटी पाइपाचं हेच झालंय. विभागाच्या तपासणीत ०.२४ मीटरच्या वरची उडी म्हणजे अडथळा. तुमची जवळपास ०.४६ मीटर आहे.

काठोकाठ रुंदी मोरीजवळ मोजली असेल तर ती बाद. मोरीचा परिणाम नसलेल्या जागी, बऱ्याच ठिकाणी मोजून सरासरी घ्या. तळाचा लांब छेद (प्रवाहाच्या दिशेने तळाच्या चढउताराची मोजणी) मोरीच्या वर आणि खाली दोन्ही बाजूंना रुंदीच्या निदान २० पट, म्हणजे २००-२०० फूट काढा. जुन्या पाइपाने वर गाळ अडवून धरलेला असतो. पाइप काढला की तळाला पडलेली पायरी प्रवाहाच्या वरच्या दिशेने तळ खात सरकते आणि वरचीच खडी उखडते.

माझं मत: या फेरीत फक्त आराखड्यासाठी पैसे मागा. ६ फुटी पाइप धरून केलेल्या ४ लाखांच्या आकड्याला काही अर्थ नाही. ओढ्यावर खालच्या बाजूला मासे अडवणारी आणखी एखादी मोरी आहे का, तेही विभागाच्या नकाशावर बघा; असली तर तुमचा क्रम घसरतो.

पाणवाट:
आभार. जमीनमालकाचा स्वतःचा एक्सकॅव्हेटर आहे. जुना डोह आत्ताच बुजवून घेतला तर ते तास स्वहिश्श्यात धरता येतील?

खोरेकर:
अजिबात हात लावू नका. करारनाम्याआधीचं खोदकाम मान्य होत नाही. शिवाय आदिवासी जमातींशी सल्लामसलत आणि सांस्कृतिक वारशाची तपासणी पुरी होण्याआधी माती हलवलीत तर त्या खर्चावर पाणी सोडावं लागतं. करारानंतरचे तास चालतील. तारीख, काम आणि दर यांची नोंद सहीनिशी ठेवा. जमीनमालकाची सही मात्र आत्ताच घ्या. काम संपल्यावर निदान १० वर्षं ते जपण्याची अट करारात असते, ती वाचून पुष्कळ जण मागे फिरतात.

नळमोरी:
पाण्यात काम करायला मत्स्य आणि वन्यजीव विभागाचा एचपीए (हायड्रॉलिक प्रोजेक्ट अप्रूव्हल) परवाना लागेल. बोर्डाचा निधी मिळालेल्या अधिवास सुधारणेला सुटसुटीत अर्जाची सोय आहे: ४५ दिवसांत निर्णय, काउंटीचे परवाने आणि शुल्क माफ. पाण्यातलं काम बहुधा उन्हाळ्यातच करू देतात. नेमक्या तारखा ओढ्यागणिक वेगळ्या असतात.

रानवाट:
तो रस्ता जंगलातला आणि मालक छोटा वनमालक असेल, तर 'फॅमिली फॉरेस्ट फिश पॅसेज प्रोग्रॅम' आधी बघा. त्यात राज्य ७५ ते १०० टक्के खर्च उचलतं. नाव नोंदवलं की निधी येईपर्यंत मोरी बदलण्याची सक्ती मालकावर राहत नाही. नुसत्या घराच्या ड्राइव्हवेला हे लागू होत नाही.