पद्मिनीची ताकद: हेड घासण्याआधी

दादा, ताकद वाढवायला तुमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) २ मिलिमीटर घासून मोठा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बसवा, असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. इतक्यात नको! १०८९ सीसीच्या या जुन्या इंजिनाची मूळ ताकदच बहुतेकदा गळत असते. आधी इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडून (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून) चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजने मोजा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघा. गेजचा काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह गळतोय. व्हॉल्व्हची सीट (तो टेकतो ती कड) नीट लॅप झाली, म्हणजे पेस्टने घासून जुळवली, की तिच्यावर सलग करडी रिंग उमटते. तुटक दिसली तर मेकॅनिककडून पुन्हा करून घ्या. हेड फार घासलंत तर मे महिन्यात ठाण्याजवळच्या गायमुखच्या चढावर गाडी नॉक करेल (इंजिन ठकठक वाजेल), मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घ्यावं लागेल आणि कमावलेलं तिथेच जाईल.