चेष्टा, मस्करी, फिरकी, खेचणे... यातला कुठला शब्द कुणासमोर चालतो?

हळदीचा_वास:
मंडळी, एक गंमतशीर प्रॉब्लेम झालाय. मी सांगलीचा, बायको इंदूरची. तिच्या माहेरी मराठीच बोलतात, पण शाळा हिंदी मीडियमची आणि नंतर एमए पण हिंदीत, त्यामुळं मराठीत शब्द अडला की ती हिंदीतला एखादा संस्कृत शब्द उचलते आणि ठेवून देते, आणि दहापैकी आठ वेळा खपून जातं. पाडव्याच्या आधी आईचा फोन आला, पुरणपोळ्या जमतील का गं तुला, तर ही अगदी नम्रपणे म्हणाली, "हो आई, मी पुरणपोळ्यांची पूर्ण चेष्टा करेन."

पलीकडं दोन सेकंद शांतता, आणि मग आई जी हसत सुटली ती फोन बाबांच्या हातात देऊनच थांबली. हिला कळेचना काय झालं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न ना. मग आईनं परत फोन घेऊन सांगितलं "अगं चेष्टा केली तुझी, राग मानू नको" तर हिच्या डोक्यात अजून घोळ, की माझा प्रयत्न केला म्हणजे नक्की काय केलं!

तर प्रश्न असा, प्रयत्नाची थट्टा झाली कशी? आणि बाकीचे शब्द पण सांगा, ऑफिसात पुण्याची पोरं "फिरकी घेतली" म्हणतात (क्रिकेटमधून आलं का ते?), मुंबईवाला एक आहे तो "खेचू नको" म्हणतो. हिनं "आई माझी खेचतायत" असं आईसमोरच म्हटलं तर चालेल का, हे आधी विचारून ठेवतोय 😄

निवांत_नाना:
वहिनी चुकल्या नाहीत, चुकलंच असेल तर आपलं मराठी वाट सोडून गेलंय. संस्कृतात चेष्टा म्हणजे मुळात हालचाल, अंगविक्षेप, काहीतरी करणं. हिंदीनं त्यातलं "करणं" धरलं म्हणून प्रयत्न, मराठीनं "अंगविक्षेप" धरला म्हणून थट्टा. अधला जिना अजून शाबूत आहे बघा, माकडचेष्टा! माकड काही कुणाची थट्टा करत नसतं, ते नुसतं वेडेवाकडे चाळे करतं, आणि बघणाऱ्याला हसू येतं. तिथून दुसऱ्याला हसण्यासाठी करायचे चाळे हा अर्थ एक पाऊलच पुढं. आणि मूळचा अर्थ पण आपण टाकलेला नाही, "तो निश्चेष्ट पडला होता" असं पेपरात येतं तेव्हा त्याची कुणी मस्करी करत नव्हतं असा अर्थ थोडाच असतो? हालचाल नव्हती एवढंच.

जुने अर्थ बघायची हौस असेल तर मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येते. सावधगिरीची सूचना, एक शब्द बघायला गेलात की जेवणाची वेळ टळते.

फिरकीबद्दल, क्रिकेटमधून नसावं असं मला वाटतं. फिरकी म्हणजे गरगर फिरणारी वस्तू, फिरकीचा तांब्या आठवतोय का, आटे असलेल्या झाकणाचा, प्रवासात न्यायचा? समोरच्याला तसंच हळूहळू फिरवत न्यायचं, त्याला पत्ता नाही, आणि शेवटच्या आट्याला झाकण घट्ट. म्हणून फिरकीला वेळ लागतो, एका वाक्यात फिरकी होत नाही. एका वाक्यात होते ती कोपरखळी.

लोकल_९_०७:
मुंबईवाला हजर. खेचणे म्हणजे टांग खेचणे, हिंदीतून आलंय, टांग गळून पडली आणि नुसतं खेचणे राहिलं. पण भाऊ एक लक्षात ठेव, टांग खेचणे आणि पाय ओढणे यात आकाशपाताळाचा फरक आहे. टांग मित्राची खेचतात, तो पण हसतो, चहा पण तोच पाजतो. पाय ओढतात ते वर चढणाऱ्याचे, बादलीतल्या खेकड्यांसारखे. आमच्याकडे एक नवीन मुलगी जॉइन झाली, इंग्लिश मीडियमची, तिनं पहिल्याच आठवड्यात टीम लीडला सांगितलं "सर, हे सगळे माझे पाय ओढतात", तो बिचारा पॉलिटिक्स चालू आहे समजून सगळ्यांना एकेक करून केबिनमध्ये बोलावत बसला. नंतर कळलं की फक्त तिच्या डब्यातल्या कारल्यावरून चिडवत होते.

आणि खेचणेचा रिझल्ट म्हणजे पोपट होणे. खेचणारा यशस्वी झाला की समोरच्याचा पोपट, किंवा पचका, किंवा वडा. मामा बनवणे थोडं वेगळं, त्यात फसवाफसवी आहे.

सासूसमोर "खेचतायत" नको रे बाबा. ते कट्ट्यावरचं आहे.

हळदीचा_वास:
पोपट म्हणजे तो राजाचा पोपट का? मेलेला?

लोकल_९_०७:
नाही नाही, तो वेगळा. त्या गोष्टीत पोपट मेलाय हे राजाला कोण सांगणार म्हणून नोकर "खात नाही, हलत नाही, चोच उघडत नाही" असं गोल गोल सांगत बसतो. तो लपवाछपवीचा पोपट, पुढारी लोकांच्या भाषणात येतो. आपला पोपट होतो, त्यांचा मेलेला असतो.

संत्रा_बर्फी:
आमच्या नागपुरात हे एवढं काही नाही बे, मजाक म्हणजे मजाक. "मजाक करून राहिलो होतो, काहून चिडून राहिला" की विषय संपला. पण मजाकची एक भारी गोष्ट आहे. मजाक अरबी, मजा फारसी, दोन्हीचं मूळ वेगळं, आणि दोन्हीचा पहिला अर्थ एकच, चव! म्हणजे आमचे लोक "त्याची मजा घेऊन राहिले" म्हणतात ना, ते अक्षरशः त्याला चाखून राहिले 😂 मस्करी पण अरबीच, मसखरा म्हणजे ज्याला सगळे हसतात तो. मराठीत त्याचा खुशमस्करा पण झाला, जो हसवतो कमी अन् लोणी जास्त लावतो.

कृष्णाकाठची_काकू:
तुम्ही सगळे मूळ शोधताय, त्यानं विचारलंय सासूसमोर काय चालतं ते. मी स्वतः सासू आहे म्हणून सांगते. चेष्टा, थट्टा, गंमत, मस्करी हे चारही घरात चालतात, मोठ्यांनी लहानांची केली तरी आणि उलट केली तरी. टिंगल, टवाळी, टर, खिल्ली हे नाही चालत, कारण त्यात माणूस खाली बसवायचा असतो, आणि बहुतेक वेळा तो समोर पण नसतो. समर्थांनी तर "टवाळा आवडे विनोद" म्हणून सगळ्या विनोदावरच काट मारून ठेवलीय, तेवढं मात्र मला पटत नाही. कु लागला की चेष्टेची कुचेष्टा. टोमणा तर चेष्टेत धरूच नका, टोमण्यात जुना हिशोब असतो. शालजोडीतला म्हणजे जोडाच, फक्त शालीत गुंडाळून मारलेला, लागतो तेवढाच.

आणि नातं बघून सूट असते. लग्नात नवरीचा भाऊ भर मांडवात नवरदेवाचा कान पिळतो आणि वर त्यालाच मानाचा पोशाख मिळतो, दुसऱ्या कुणी पिळून दाखवावा! आमच्यात दिरानं वहिनीची, मेहुणीनं भावोजींची कितीही करावी, पण जावयाची सासऱ्यानं केली की मस्करीची कुस्करी झालीच. माझ्या मोठ्या जावयाला यांनी एकदा "तुम्ही वजनदार पाहुणे" म्हटलं, दिवाळीत लाडवाला हात लावला नाही त्यानं.

एक राहिलंच, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. आमच्या शेतात हरभरा असतो, गुडघ्याएवढा जेमतेम. त्यावर चढलेला माणूस स्वतःला उंच समजतो, हीच सगळी गंमत आहे, आणि शहरातल्या पोरांना झाड म्हणजे खरंच झाड वाटतं.

हळदीचा_वास:
सगळ्यांचे आभार, काल रात्री हा अख्खा धागा हिला वाचून दाखवला. निश्चेष्ट आणि माकडचेष्टा ऐकून खूश झाली, म्हणे मीच बरोबर होते. आज सकाळी फॅमिली ग्रुपवर हिनं फोटो टाकलाय, एक पोळी फाटून पुरण बाहेर आलेलं, दुसरी करपलेली, आणि खाली लिहिलंय "आई, चेष्टा केली." आईनं लगेच फोन करून अर्धा तास कणीक कशी तिंबायची, पुरण किती घट्ट हवं, सगळं समजावलं. ते संपल्यावर हिनं दुसरा फोटो टाकला, चांगल्या फुगलेल्या नऊ पोळ्यांचा. पहिल्या दोन मी लाटलेल्या होत्या.

निवांत_नाना:
ही फिरकी. आटे मोजा.

कृष्णाकाठची_काकू:
सासूबाई काय म्हणाल्या मग?

हळदीचा_वास:
"माझ्या पोराला लाटणं कुणी दिलं" एवढंच.